खाते आपले, किल्ली कोणाची?

ज्याची वस्तू, त्याच्याच हाती तिची किल्ली असावी, हा व्यवहारातील अगदी साधा नियम आहे. घराचे कुलूप असो वा धान्याची कोठी असो, आपण तो कटाक्षाने पाळतो. परंतु अलीकडे प्रत्येक कुटुंबाच्या पदरी एक नवीच मालमत्ता आलेली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, हाती धरता येत नाही, आणि म्हणूनच की काय, तिच्या किल्लीविषयी आपण कमालीचे निष्काळजी असतो. ही मालमत्ता म्हणजे ऑनलाइन खाते होय. शिष्यवृत्तीचा अर्ज, गुणपत्रिका, दाखले, बँकेतील रक्कम या सर्वांकडे जाणारी वाट आज याच दारातून जाते. दार उघडले नाही, तर हक्काची वस्तू आत असूनही आपण उंबरठ्याबाहेरच तिष्ठत राहतो.

आमच्या सिल्वासा परिसरात या प्रश्नाला एक विशेष रूप आहे. येथे शेकडो कुटुंबे कारखान्यांच्या आधाराने राहतात आणि पुष्कळ घरांत फोन एकच असतो. मुलगी शाळेच्या संगणकावर अर्ज भरावयास बसते; ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर; वडील पाळीवर असतात आणि फोन कपाटात असतो. पाळी संपण्याच्या कितीतरी आधी त्या ओटीपीची मुदत संपलेली असते! डोंगराकडील पाड्यांवर तर फोन हाती असूनही रेंज सापडत नाही. अशा वेळी ‘खाते बिघडले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण बहुधा खाते बिघडलेले नसते. आपली समजूत अपुरी असते.

ती समजूत कोणती? फोन म्हणजेच खाते, ही. वस्तुतः खाते फोनात नसते. ते दूरच्या एखाद्या मोठ्या संगणकावरील नोंदीत असते. फोन, शाळेतील संगणक, शेजाऱ्याचा लॅपटॉप, ही सारी त्या एकाच खोलीची निरनिराळी दारे होत. पासवर्डाचा इतिहासही हेच सांगतो. १९६१ साली, म्हणजे ज्या वर्षी दादरा व नगर हवेली हा प्रदेश घटनेच्या १० व्या दुरुस्तीने भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला त्याच वर्षी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनी एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था सिद्ध केली. यंत्र एक, माणसे अनेक. मग प्रत्येकाचे काम वेगळे कसे राखावे? म्हणून तेथे प्रत्येकास पासवर्ड देण्यात आला. म्हणजे पासवर्डाची गरज भासली तीच मुळी यंत्र सर्वांचे असल्यामुळे! एका फोनावर चालणाऱ्या आमच्या घरांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी.

एका यंत्रावर उघडणारे खाते दुसऱ्यावर उघडत नसेल, तर घाबरून न जाता क्रमाने शोध घ्यावा. पहिली गोष्ट अशी, की आपण उघडू पाहतो ते खाते तेच आहे काय? फोनवर वडिलांचा ईमेल आणि शाळेत स्वतःचा, असा घोटाळा नित्य घडतो. दुसरी गोष्ट कळफलकाची. इंग्रजीतील लहानमोठ्या अक्षरांचा भेद पासवर्डात पाळावाच लागतो; आणि कळफलक मराठीत राहिला असेल, तर ‘५’ आणि इंग्रजी आकड्यातील पाच या संगणकाच्या लेखी दोन भिन्न वस्तू ठरतात. तिसरी गोष्ट घड्याळाची. काही ॲप दर ३० सेकंदांनी नवा अंक दाखवितात, आणि तो अंक वेळेवरून काढलेला असतो. यंत्राचे घड्याळ चुकले की अंकही चुकतो. चौथी गोष्ट, जुन्या फोनात साठविलेला जुना पासवर्ड आपोआप भरला जात असतो आणि आपण नव्याच्या भरवशावर असतो. इतके पाहूनही दार न उघडले, तर पुनःपुन्हा ठोठावू नये. फार वेळा चुकल्यास खाते काही काळ बंद होते, आणि तो बिघाड नसून पहारा असतो. नव्या यंत्रावर अधिक पुरावा मागितला जातो, तोही याच कारणाने. ओळखीच्या यंत्रावर पूर्वी ठेवलेली खूण असते; नव्यावर ती नसते.

परंतु या झाल्या किरकोळ अडचणी. खरे संकट येते ते क्रमांक हातचा गेल्यावर. कामासाठी गावे बदलणारी माणसे सिमही बदलतात, आणि जुने रिचार्जवाचून बंद पडते. बंद झालेला प्रीपेड क्रमांक भारतात किमान ९० दिवस राखून ठेवतात. पुढे तो नव्या ग्राहकास मिळू शकतो. हा विषय २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा क्रमांक सोडताना आपली खासगी माहिती सुरक्षित राखण्याची काळजी जुन्या ग्राहकानेच घ्यावी, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे आपल्या खात्याचा ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू शकतो. सिम टाकण्यापूर्वी सर्व खात्यांतील क्रमांक बदलणे, हाच त्यावरील उपाय.

दुसरे संकट आम्ही आपण होऊन ओढवून घेतो. अर्ज भरण्यासाठी आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार बिचारा मदतच करतो. पण गर्दीच्या दिवशी वेळ वाचावा म्हणून तो स्वतःचा ईमेल घालतो, पासवर्डही स्वतःच ठरवितो. पावती घेऊन आपण आनंदाने घरी येतो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलावर पुढील वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तेव्हा दुकानदारास काही आठवत नाही, आणि आपल्याला तर मुळातच काही ठाऊक नसते. एका पासवर्डापायी वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली, तर गरीब घरातील मुलीचे शिक्षणच थांबण्याचे भय असते. यात दोष दुकानदाराचा थोडा, आपल्या आळसाचा अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणतील, प्रत्येक मुलाच्या हाती फोन द्या, म्हणजे झाले! आम्हांस हे पटत नाही. फोन वाढल्याने किल्ल्या वाढतील, शिस्त वाढणार नाही. शिस्तीला लागते ती एक वही. तीत प्रत्येक खात्याचे नाव, त्याला जोडलेला क्रमांक व ईमेल लिहून ठेवावा. पासवर्ड लिहावयाचाच असेल, तर तो निराळ्या कागदावर, दागिन्यांइतक्याच जपणुकीने ठेवावा. जेथे सोय असेल तेथे घरातील दुसऱ्या विश्वासू माणसाचा क्रमांकही जोडावा. मुलाच्या १५ व्या वर्षी आधारसाठी बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावीच लागते; त्याच वेळी आधारला जोडलेला क्रमांक चालू आहे की नाही, हेही पाहावे. दर जूनमध्ये, शाळा उघडताच, प्रत्येक खाते एकदा उघडून पाहावे. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे, हेही ध्यानी असावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे किती सोपे!

मात्र सारा भार कुटुंबांवरच टाकणे न्यायाचे नव्हे. प्रत्येक नागरिकापाशी स्वतःचा फोन, स्थिर क्रमांक आणि अखंड रेंज आहे, हे गृहीत धरून नियम केले, तर ज्याला साहाय्य द्यावयाचे तोच बाहेर राहील. शाळांनी अर्जाच्या दिवसांत पालकांना फोनसह बोलवावे, आणि तेही पाळी सुटल्यानंतरच्या वेळी. कार्यालयांनी ओटीपीखेरीज ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग खुला ठेवावा. आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थी मित्रांनी आपल्या वस्तीतील एका तरी घराची वही लिहून द्यावी. पासवर्ड मात्र त्या घरच्यांनाच लिहू द्यावा. ज्यांना अक्षरओळख नाही अशा आजीआजोबांचा हक्क त्या वहीने राखला, तर शाळेत शिकलेले अक्षर सार्थकी लागले असे आम्ही समजू.