१५ सेंटांचा हॅम्बर्गर आणि तलासरीचा रोज

मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरी तालुक्यातून गुजरातेत शिरतो. या महामार्गावरील साखळी उपाहारगृहांत बर्गर खायला थांबलेली मोटार बहुधा मुंबईची वा सुरतेची असते. जवळच्या पाड्यांतील वारली कुटुंब तेथे क्वचितच बसलेले दिसेल. याचे कारण चवीत शोधणे व्यर्थ आहे.

मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे आपला धंदा नव्याने मांडला. वाढपी काढून टाकले, पदार्थ मोजके ठेवले, हॅम्बर्गर १५ सेंटांना विकला. तेव्हा अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन ताशी ४० सेंट होते. म्हणजे चौघांचे चार हॅम्बर्गर दीड तासाच्या मजुरीत येत.

हेच दुकान ३१ जानेवारी १९९० रोजी मॉस्कोच्या पुश्किन चौकात उघडले, तेव्हा लोक कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास रांगेत उभे राहिले. ऑक्टोबर १९९६ मध्ये ते दिल्ली-मुंबईत आले, तेही गोमांस आणि डुकराचे मांस वगळून. पदार्थांतला हा बदल सर्वांना ठाऊक असतो. गिऱ्हाईक बदलले, याची चर्चा कमी होते. अमेरिकेतील कामगाराचे खाणे येथे मध्यमवर्गाच्या मुलांच्या वाढदिवसाचे ठिकाण झाले. वातानुकूलन, चकचकीत फरशी, स्वच्छ प्रसाधनगृह यांमुळे दर्जा उंचावला खरा, पण दाराचा उंबरठाही त्याबरोबर उंचावला.

उलट दिशेचा प्रवास डहाणूकरांच्या ओळखीचा असावा. इराणच्या यझ्द, कर्मान भागांतून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांपैकी काहींनी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या केल्या, काहींनी मुंबईत चहाची हॉटेले थाटली. धोबीतलावचे कयानी १९०४ चे. ब्रून मस्का आणि चहा हे कारकून, कामगार, विद्यार्थी यांच्या खिशाला परवडणारे खाणे. २०१० साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘दिशूम’ने या इराणी हॉटेलांचेच रूप घेतले. तेथे आज टेबलासाठी रांगा लागतात!

‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक १९८६ पासून बिग मॅकच्या किमतीवरून देशोदेशींची चलने तोलते. चलनांपुरते ते ठीक. माणसांची तुलना करायची तर त्यांचा रोज धरावा. झरी हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, पूर्वी ते उंबरगाव तालुक्यात होते. मे १९४५ मध्ये तेथे वारल्यांची परिषद भरली; वेठबिगार नाकारून १२ आणे रोख रोजाची मागणी झाली. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीचा ठरलेला दर होता दिवसाला ३१२ रुपये. महामार्गावर चौघांनी बर्गर, तळलेले बटाटे आणि थंड पेय घेतले की बिल त्यापुढे जाते. सॅन बर्नार्डिनोत चौघांचे नुसते हॅम्बर्गर दीड तासाच्या कमाईत येत होते; येथे चौघांच्या अशा खाण्याला अख्खा दिवसही पुरत नाही. त्या १५ सेंटांच्या हॅम्बर्गरचा खरा वारस नाक्यावरच्या गाडीवरचा वडापाव आहे.