गणपतीला गावी या, रेल्वेने या

गुंजी, खानापूर, लोंढा, बेळगाव, निपाणी भागातल्या बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, बंगळूरला गेलेल्या आपल्या लेकरांनो,

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी आठ वाजता खुले होते. म्हणून हे आवाहन सणाच्या तोंडावर न करता आजच करतो आहोत. कॅलेंडर काढा, गणेशचतुर्थीपासून साठ दिवस मागे मोजा आणि त्या तारखेवर खूण करा. तो दिवस चुकला की वेटिंग लिस्ट लागते, वेटिंग काही हलत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात माणूस घायकुतीला येऊन बेळगावच्या सांबरा विमानतळावरचे नाहीतर गोव्याच्या मोपाचे विमान पकडतो. एकदा पकडले की पुढच्या वर्षी तो रेल्वेकडे बघतसुद्धा नाही.

पण विमान का टाळायचे? ते जमिनीवरून उठून वर चढताना सर्वांत जास्त इंधन खाते. हजारो किलोमीटरच्या प्रवासात हा खर्च पसरला जातो. सांबऱ्याहून मुंबईला जाणारे विमान मात्र नीट वर पोचते न पोचते तोच उतरायला लागते. विमानाचे 1 किलो इंधन जळले की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा साधारण अडीच टक्के आहे. खूप उंचावर विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघाही पृथ्वीची उष्णता अडवून धरतात, रात्री तर अधिकच, त्यामुळे तापमानवाढीतला खरा वाटा याहून मोठा भरतो. जगातली बहुसंख्य माणसे वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत, हे लक्षात घेतले तर हे ओझे किती थोड्या लोकांनी टाकलेले आहे ते कळेल.

त्याचा फटका मात्र ज्यांनी विमान फक्त आभाळात पाहिले त्यांनाही बसतो. ऑगस्ट 2019 आठवा. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, वाहतूक बंद पडली, नदीकाठची गावे पाण्यात उभी राहिली. त्या एका पुराचे खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही, आणि आम्ही ते फोडतही नाही. पण हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते बाष्प कोसळते तेव्हा एकदम कोसळते. मलप्रभा नदी आपल्याच खानापूर तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. पावसाचे तंत्र बिघडले तर भाताच्या रोपापासून काजूच्या मोहोरापर्यंत काय होते, हे खानापूरच्या शेतकऱ्याला आम्ही सांगावे असे नाही.

आपले भाग्य असे की रेल्वेचा रूळ आपल्या दारातून जातो. लोंढ्याहून गुंजी, खानापूर, बेळगाव करत मिरजेला जाणाऱ्या या मार्गावर आता विजेचे इंजिन धावते. हुबळी–दादर आणि राणी चन्नम्मा या रात्रीच्या गाड्या झोपेतच मुंबईला, बंगळूरला नेऊन सोडतात. पुणे–हुबळी वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली, बेळगाव–बंगळूर वंदे भारत 10 ऑगस्ट 2025 ला. म्हणजे पहाटे बेळगावहून निघालेला माणूस दुपारी बंगळूरला असतो. विमान तासाभरात पोचवते हे खरे, पण सांबऱ्याला जाणे, तपासणीच्या रांगा आणि बंगळूर विमानतळापासून शहरात शिरणे हा सगळा वेळ हिशेबात धरा आणि मग ठरवा.

रेल्वेची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाचीच आहे, तरीही माणशी उत्सर्जनात विमान तिच्या पुष्कळ पुढे आहे. रेल्वे म्हटली की जंगल तोडायला मोकळीक, असाही याचा अर्थ कुणी घेऊ नये. कॅसलरॉक–कुळे भागातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. भीमगड आणि मोले ही जंगले राखूनच रेल्वे हवी, आणि आज आहेत त्या रुळांवर पुष्कळ काही करता येते.

आखातात, लंडनला, अमेरिकेत असलेल्यांना विमानाशिवाय मार्ग नाही. आईवडील आजारी असतील तर मिळेल त्या विमानाने या, त्यात अपराधी वाटायचे कारण नाही. एरवी मात्र दोन छोट्या फेऱ्यांऐवजी एकच करा आणि महिनाभर राहा. शक्यतो थेट विमान घ्या, कारण प्रत्येक जादा उड्डाण म्हणजे पुन्हा चढणे. मुंबईला उतरलात की पुढे सांबऱ्याचे विमान न धरता रात्रीची गाडी धरा.

उसाच्या मळीपासून विमानाचे इंधन होते, हे आपल्याकडे पुष्कळांनी ऐकले आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने केलेले असे इंधन मिसळून 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेले. निपाणी, चिक्कोडीच्या ऊसपट्ट्याला यात आशा दिसणे साहजिक आहे. परंतु केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी ठेवलेले उद्दिष्ट 2027 साठी 1 टक्का आणि 2030 साठी 5 टक्के एवढेच आहे. शिवाय ऊस पाणी पितो. म्हणजे 2030 मध्येही उरलेले 95 टक्के इंधन जुनेच असणार, तेव्हा या इंधनाची वाट बघत थांबून चालणार नाही.

शेवटची विनंती गावात राहणाऱ्यांना. माउली देवीच्या दर्शनाला बाहेरगावचे भाविक गुंजीला येतात, आणि वेगवान गाड्या गुंजी स्टेशनावरून न थांबता निघून जातात. खानापूर-लोंढ्याला जास्त थांबे, सणाच्या दिवसांत जादा गाड्या आणि त्यांना जोडून गुंजीसाठी पॅसेंजर, एवढे मिळाले तरी कितीतरी कुटुंबांचे विमान आणि भाड्याची गाडी दोन्ही वाचतील. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. प्रत पंचायतीच्या शिक्क्यासह हुबळीच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना पाठवा, एक आमदारांना, एक खासदारांना. मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत जोडा. आणि आज रात्री मुंबईच्या, बंगळूरच्या मुलांना फोन कराल तेव्हा आरक्षणाची तारीख सांगायला विसरू नका.