पावलं मोजा, पण कुणाची?

रात्री पावणेबाराला गॅलरीत येरझाऱ्या घालणारी मंडळी हल्ली बऱ्याच सोसायट्यांत दिसतात. झोप येत नाही म्हणून नव्हे, ९,६४० वर आकडा अडकलाय म्हणून! दहा हजार झाले की स्क्रीनवर फटाके फुटतात, स्क्रीनशॉट स्टोरीवर जातो आणि मग गडी झोपायला मोकळा.

हा दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचं मीटर’. नाव खपलं, आकडा चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेत सत्तरीच्या आसपासच्या बायकांचा अभ्यास झाला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांचाही मृत्यूचा धोका अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसला आणि ७,५०० च्या पुढे तो आणखी फारसा उतरला नाही. तेव्हा ३६० पावलांसाठी झोपेचं खोबरं कशाला करायचं, राव?

शिवाय फोन मोजतो तो स्वतः हलला तरच. आईचा फोन दिवसभर ओट्यावर पडलेला असतो आणि ती घरभर फिरत असते. ॲपच्या लेखी ती दिवसभर बसूनच! (कॅलरीच्या ॲपमध्ये मिसळ भरून बघा एकदा. तर्री किती घेतली, ते कुठं लिहिणार?)

पण म्हणून फोन निरुपयोगी नाही. दक्षिण भारतात ३५ ते ५५ वयाच्या ५३७ नोकरदार पुरुषांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. खाण्या-चालण्याचा सल्ला सुरुवातीला सगळ्यांना सारखाच दिला. मग निम्म्यांना फोनवर साधे एसएमएस जात राहिले. फोटो नाही, व्हिडिओ नाही. मेसेज किती वेळा आणि कधी हवा, हे ज्याचं त्याला विचारून. दोन वर्षांनी नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी २७ टक्के जणांना मधुमेह झाला होता, एसएमएसवाल्यांपैकी १८ टक्क्यांना. २०१३ मध्ये हे ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आलं.

पस्तीस ते पंचावन्न. म्हणजे आपले काका-मामा, आपले बाबा. आणि आपल्याकडे चित्र काय? हप्त्यावर घड्याळ घेतो तो बावीस वर्षांचा, आधीपासूनच जिमला जाणारा पोरगा. आणि ज्यांची साखर ‘थोडीशीच जास्त’ निघालीय, त्यांच्या फोनवर येतात गुड मॉर्निंगची फुलं आणि कारल्याच्या रसाचे फॉरवर्ड. हे मला फार खटकतं. घरात फोन सगळ्यात जास्त कळतो तो आपल्याला, मग त्याचा उपयोग आपल्याच पोटावरच्या सिक्स पॅकपुरता का?

त्यासाठी ॲप लागत नाही. बाबा जेवून टीव्हीसमोर कधी बसतात, चहात साखर किती घेतात, हे आपल्याला माहीत असतं. त्या वेळेला, त्यांच्या दिवसाला धरून एकच ओळ पाठवायची. फॅमिली ग्रुपवर नाही हं! त्यांचा रिपोर्ट हा काही मावशी-आत्यांच्या चर्चेचा विषय नाही. ‘बाबा, चौकापर्यंत एक चक्कर मारू या? मी पण येतोय.’

‘तू मला शिकवणार का?’ असं उत्तर पहिल्या दिवशी येणारच. येऊ दे. आपण चपला घालून दारात उभं राहायचं.