ऊसतोडीचा हंगाम आणि केसपेपर

दिवाळी उरकली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांभोवती कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. टोळीतली एखादी गरोदर बाई भिगवणच्या ग्रामीण रुग्णालयात जाते, तेव्हा तिच्या आधीच्या तपासण्यांचं कार्ड गावाकडच्या घरात राहिलेलं असतं. मग रक्त पुन्हा, सोनोग्राफी पुन्हा. पुढे बारामतीला किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयात रेफर केलं, तर नातेवाइकाच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असेल तेवढाच तिचा पूर्वेतिहास.

रुग्णालयं पेपरलेस व्हावीत असं मला वाटतं ते या बाईसाठी. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे. चौदा अंकी आभा क्रमांक आणि रुग्णाची संमती असली, की एका दवाखान्यातली नोंद दुसरीकडे दिसावी, ही त्यातली कल्पना. पण त्यासाठी नोंद मुळात संगणकात आणि वेळेवर गेली पाहिजे.

खरी अडचण इथेच आहे. बहुतेक ठिकाणी संगणक येतो, पण रजिस्टर जात नाही. सिस्टर आधी इनडोअर पेपरवर लिहितात आणि ड्युटी संपताना तेच पुन्हा संगणकात भरतात. वॉर्डात खाटांपेक्षा पेशंट जास्त असताना हे दुहेरी काम त्यांच्यावर लादणं अन्याय आहे. घाईत भरलेल्या अशा नोंदीवर पुढचा डॉक्टर भरवसा तरी कसा ठेवणार?

कागद सुटत नाही त्यामागे भीतीही आहे, आणि ती निराधार नाही. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणारी रुग्णनोंदींची एचएमआयएस ही संगणक यंत्रणा २०२२ च्या जुलैत बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हातानं लिहावे लागले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या अग्रगण्य रुग्णालयांपैकी एक असलेलं हे रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चाललं. म्हणून सर्व्हर बंद पडला तर काय करायचं याची तालीम हवी, छापील कोरे फॉर्म वॉर्डात हवेत. रोजचं रजिस्टर मात्र थांबलंच पाहिजे. आधी ओपीडी, मग लॅब आणि औषधवाटप, सर्वांत शेवटी वॉर्ड, अशा क्रमानं प्रत्येक विभागाचं रजिस्टर बंद करण्याची तारीख अधीक्षकांनी लेखी द्यावी.

आणखी एक गाठ सरकारच्या पातळीवर सुटायची आहे. बारामतीचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली सुरू झालं. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं. इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, भिगवणचं ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. रेफर झालेल्या पेशंटला या दोन खात्यांतला फरक ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक असण्याची गरजही पडू नये. इंदापूरची नोंद बारामतीत उघडत नसेल, तर दोन्हीकडचे संगणक त्या पेशंटच्या काही उपयोगाचे नाहीत.

हे जुळेपर्यंत वाचकांनी एक करावं. घरातलं कोणी दवाखान्यात दाखल झालं असेल, तर घरी येताना डिस्चार्ज कार्डासोबत संपूर्ण कागदपत्रांची प्रत मागावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती मिळाली पाहिजे. आणि शेजारी ऊसतोडीची टोळी उतरली असेल, तर त्यांनाही हे जरूर सांगावं.