माप कुणाचं चुकलं?

माझं वजन ११८ किलो आहे. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत तुमच्या डोक्यात तोच प्रश्न फिरत राहील. आता तो मिटला. आता खुर्चीबद्दल बोलू.

खुर्ची म्हणजे विमानातली. मी पहिल्यांदा विमानात बसले ती मुंबईहून दिल्लीला जाताना. नोकरी नवीन होती, कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं होतं. धुळ्याच्या पोरीला विमानाचं तिकीट मिळालं म्हणून घरी पेढे वाटले गेले. सीटवर बसले, मांड्या दोन्ही बाजूंच्या हातांमध्ये कशाबशा बसवल्या आणि पट्टा ओढला. चार बोटं कमी पडला. श्वास आत घेतला, पुन्हा ओढला. तीन बोटं. पट्टा वाढवून देणारा जोडतुकडा मिळतो, त्याला एक्स्टेंडर म्हणतात, हे मला माहीतच नव्हतं. आणि माहीत असतं तरी शेजारी दोन अनोळखी पुरुष बसलेले असताना मी तो मागितला असता का, सांगता येत नाही. मी ओढणी पोटावर पसरली. तपासायला आलेल्या मुलीची नजर ओढणीवरून पुढे सरकली. दिल्लीपर्यंत मी पट्ट्याशिवाय उडाले.

आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. हवेत जोराचा धक्का बसला असता तर मी छताला आपटले असते, आणि पडताना शेजारच्याच्या मानेवर पडले असते. म्हणजे माझ्या लाजेने फक्त माझा नाही, आणखी दोघांचा जीव टांगणीला लावला होता. जाड माणसांच्या विमानप्रवासाचा विषय निघाला की लोक हसतात. त्यांना एवढंच सांगायचं आहे की हा विनोदाचा विषय नाही, सुरक्षेचा आहे.

आई आणि टेप

माझी आई धुळ्यात, देवपुरात राहते. तीस वर्षं तिने ब्लाऊज शिवले. तीही माझ्यासारखीच, किंवा मी तिच्यासारखी. मला मुलगी झाली तेव्हा आईने हैदराबादला यावं म्हणून मी विमानाचं तिकीट काढायला निघाले. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव नव्वदेक किलोमीटर. तिथून विमानाने दोन तासांच्या आत हैदराबाद. गुडघे दुखणाऱ्या बाईला याहून सोपा प्रवास कोणता?

आईने फोनवर एकच विचारलं, "खुर्ची किती इंची असते?"

मी शोधून सांगितलं, सतरा-अठरा इंच. ती गप्प झाली. नंतर भावाने सांगितलं, की तिने शिवणाची टेप काढली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून स्वतःला मोजलं आणि टेप गुंडाळून ठेवली. मला निरोप आला, "माले नही जमाव." ती एसटीने मनमाडला गेली आणि तिथून रात्रभर रेल्वेने आली. गुडघे सुजलेले, पिशवीत डिंकाचे लाडू. दोन तासांचा प्रवास तिने जवळजवळ एक दिवस केला, कारण रेल्वेचा बर्थ कुणाची कंबर विचारत नाही.

तिला कुणी विमानातून उतरवलं नाही. कुणी एक शब्दही बोललं नाही. ती आधीच घरी थांबली. अशा माणसांची नोंद कुठेच होत नाही. कंपनीकडे तक्रार नाही, सरकारकडे आकडा नाही. खुर्चीच्या भीतीने जे तिकीटच काढत नाहीत, त्यांना मोजणार कोण?

आम नागरिक म्हणजे किती इंची?

'उडान' योजना आठवते? उडे देश का आम नागरिक. २७ एप्रिल २०१७ ला शिमला ते दिल्ली पहिलं विमान उडालं आणि हवाई चप्पल घालणारा माणूसही हवाई जहाजात बसेल असं सांगितलं गेलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला जळगावहून मुंबईला विमान सुरू झालं. ज्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये आपल्याच जळगावच्या प्रतिभाताई पाटलांनी राष्ट्रपती असताना केलं होतं, तिथे अखेर प्रवासी दिसले. ते १९ आसनी बीचक्राफ्ट होतं, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक सीट. पुढे कंपन्या आल्या, बंद पडल्या, २०२४ मध्ये पुन्हा नव्याने सेवा सुरू झाल्या. आता ७०-७२ आसनांचं एटीआर येतं, दोन-दोनच्या रांगा. धुळ्याचं म्हणाल तर गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथे विमान चालवायला शिकतात. प्रवाशाला जळगावच गाठावं लागतं.

मला या योजनेचं कौतुकच आहे. खानदेशातून मुंबईला जायचं म्हणजे एक रात्र गाडीत, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या भोगलं. पण एक बघा. उडानने तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा घातली, ती विमानातल्या ठरावीक सीटना. म्हणजे आम नागरिकाचा खिसा किती मोठा असतो याचा विचार झाला. आम नागरिकाचं शरीर केवढं असतं, याचा झाला नाही. विमानाला उशीर झाला तर काय, बॅग हरवली तर काय, जास्त तिकिटं विकून तुम्हाला चढू दिलं नाही तर काय, या सगळ्याला आपल्याकडे नियम आहेत. २०१९ मध्ये सरकारने प्रवाशांची सनदच काढली. सीट किमान किती रुंद असावी, याबद्दल त्यात अक्षर नाही.

आणि जाड माणूस हा काही अपवाद राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हा आकडा साधारण २१ टक्के होता. सगळ्याच जणी सीटमध्ये अडकतात असं नाही. पण आपली शरीरं कुठल्या दिशेने चालली आहेत ते दिसतं. खुर्च्या नेमक्या उलट्या दिशेने चालल्या आहेत. अमेरिकेत प्रवाशांच्या एका संघटनेने २०१७ मध्ये हा प्रश्न कोर्टात नेला. तिथे मांडलेले आकडे असे: दोन रांगांमधलं अंतर सरासरी ३५ इंचांवरून ३१ वर आलं, काही विमानांत २८ वर, आणि सीटची रुंदी साडेअठरावरून १७ वर. कोर्टाने विमान खात्याला झापलं. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने सीटचं किमान माप ठरवा असा कायदा केला. मग खात्याने आणीबाणीत विमान रिकामं करण्याच्या चाचण्या घेतल्या. त्यात ७७५ माणसं होती, सगळी साठीच्या आतली आणि धडधाकट. म्हातारी, अपंग माणसं चाचणीत नव्हतीच. ज्याला बाहेर पडायला वेळ लागेल त्याला वगळून मोजायचं, आणि मग म्हणायचं सगळे वेळेत बाहेर पडले. आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी पाठवायचे, त्यातलाच प्रकार.

तुमचे मुद्दे

आता तुम्ही जे म्हणणार आहात ते मला पाठ आहे.

*वजन कमी करा ना.* करते आहे. पण विमान मंगळवारचं आहे. मंगळवारपर्यंत चाळीस किलो कसे जातील? थायरॉइड, पीसीओडी, बाळंतपण, औषधं अशी कारणं सांगून मी तुमची दया मिळवू शकते. पण ती सांगायची नाहीत असं मी ठरवलं आहे. खुर्चीवर बसण्याचा हक्क मिळवायला आधी डॉक्टरचा कागद का दाखवायचा? आणि हा सल्ला देणारे कोण? हिवाळ्यात भरीत पार्टीला तिसऱ्यांदा ताटात भरीत वाढून "एवढं तर खाच" म्हणणारी मामी, हात धुताना "किती सुटलीस गं" म्हणते.

*जास्त वजन, जास्त इंधन, मग जास्त पैसे द्या.* सामोआ एअरने २०१३ मध्ये खरंच किलोवर तिकीट विकलं. त्या हिशोबात निदान प्रामाणिकपणा होता, कारण हलक्या माणसाला तिकीट स्वस्त पडत होतं. आपल्याकडे पन्नास किलोच्या मुलीला कुठली कंपनी सूट देते? म्हणजे तिकीट वजनावर नाही, जागेवर विकलं जातं, आणि जागा कंपनी ठरवते. १९ आसनी विमानात तोल सांभाळायला वजन लागतं, हे मला मान्य आहे. तिथे जरूर विचारा, हवं तर जागा बदलायला सांगा. फक्त रांगेतल्या वीस माणसांसमोर विचारू नका.

*शेजाऱ्याने काय पाप केलं?* हा मुद्दा खरा आहे. मी ज्याच्या शेजारी बसते त्याला त्रास होतो, आणि मला तो कळतो. संपूर्ण प्रवास मी खांदे आवळून, हात छातीशी बांधून बसते, उतरल्यावर दोन दिवस मान दुखते. पण तो माझ्याकडे रागाने बघतो, मी खाली मान घालते, आणि ज्याने आम्हा दोघांना सतरा-सतरा इंच विकले तो या भांडणात कुठेच नसतो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण शाळेत शिकलो ती इथे कुणाला आठवत नाही.

एसटीतली सीट

मी एसटीत वाढले. तीन माणसांच्या सीटवर आम्ही मायलेकी बसलो की तिसरा येणारा क्षणभर थबकायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "आठे बठ ना व माय," आणि सगळे थोडे थोडे सरकायचे. फार गोड चित्र रंगवत नाही. काळी-पिवळीवाल्याने "तुमचे दोन शीट धरतो" म्हणून मला हसवून रडवलंही आहे. पण त्या बाकड्यांना मध्ये हात नसतो. माणसाला माणसाशी बोलून जागा करून घेता येते. विमानात तो लोखंडी हात ही सरहद्द असते, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे जे सांडतं त्याची लाज ज्याची त्याने वाहायची.

दुसरीकडे हे सुटलंच नाही असंही नाही. कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणाने २००८ मध्ये आदेश दिला: एक माणूस, एक भाडं. लठ्ठपणामुळे ज्याला एका सीटवर बसणं शक्य नाही, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, कोर्टाने ऐकून घ्यायलाही नकार दिला. २००९ पासून नियम लागू झाला. तिथे वैद्यकीय तपासणीची अट आहे, ती मला पटत नाही, पण पैसे प्रवाशाने द्यायचे नाहीत हे तत्त्व तरी ठरलं. विमानं आजही उडतात, कंपन्या बुडाल्या नाहीत.

मग आपण काय मागायचं? मी तीन गोष्टी मागते.

एक, तिकीट काढतानाच स्क्रीनवर सीटची रुंदी, मधला हात वर होतो की नाही आणि पट्ट्याची लांबी लिहा. जेवणात कांदा-लसूण नको हे मला मोबाइलवर निवडता येतं, मग मी बसू शकेन की नाही हे विमानात चढल्यावरच का कळावं?

दोन, एक्स्टेंडर हवा का, हेही तिथेच विचारा आणि तो आधीच सीटवर ठेवा. एकदा एका मुलीने मला तो मुठीत दुमडून आणून दिला, वाकून हळूच म्हणाली, "ताई, लागला तर." मी तिला विसरणार नाही. पण माझी अब्रू कुणाच्या चांगुलपणावर का अवलंबून असावी?

तीन, एक माणूस, एक भाडं. आणि त्याची सुरुवात उडानच्या मार्गांवरून करा. या मार्गांवरचा तोटा भरून काढायला सरकार कंपन्यांना पैसे देतं. ते पैसे तुमचे-माझे आहेत, माझ्या आईचेही आहेत. ज्या खुर्चीला आपण पैसे पुरवतो तिच्यावर अट घालायचा अधिकार आपल्याला नाही तर कुणाला?

आई हैदराबादला महिनाभर होती. एका दुपारी मी माझी ती ओढणीची गोष्ट तिला पहिल्यांदा सांगितली. ती बाळाचं झबलं शिवत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तीस वर्षांत किती बायकांचे ब्लाऊज घट्ट झाले, पण एकीलाही मी म्हटलं नाही की बाई, तू चुकलीस. माप चुकलं तर चूक शिवणारीची. म्हणून तर आत मार्जिन ठेवायचं असतं.

महिन्याने ती परत गेली. रेल्वेनेच.