रेंज विचारली, टायर पाहिला का?

कॉलेजच्या गेटवर कुणाची नवी इलेक्ट्रिक गाडी आली की घोळका जमतो. पहिला प्रश्न, 'कितीनं पळते बे?' दुसरा, 'एका चार्जिंगमध्ये किती जाते?' डिस्प्लेचे फोटो निघतात, रील होते. खाली वाकून टायर मात्र कुणी पाहत नाही. मीही पाहत नव्हते.

आपल्या गडचिरोलीत तर तो सगळ्यात आधी पाहायला हवा. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आल्लापल्ली-आष्टी रस्त्यावरून जातात, त्या रस्त्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं की तो किती खोल हेही कळत नाही. अशा खड्ड्यात १० इंची चाक आत बसतं, १७ इंची बरंचसं ओलांडून जातं. आयक्यूब, एथरसारख्या स्कूटरला १२ इंची चाकं असतात. रिव्होल्ट आरव्ही ४००सारख्या बाइकला १७. घर ते कॉलेज एवढंच असेल तर १२ पुरे. रोज एटापल्लीकडे जाणं असेल तर मी १७च म्हणेन, डिकी नसली तरी.

आता टायरची कड वाचा. '९०/९०-१२ ५४ जे' असं काहीतरी दिसेल. पहिले ९० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरे म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, १२ म्हणजे रिमचे इंच. खरं काम पुढच्याचं. ५४ म्हणजे तो टायर पूर्ण हवेत २१२ किलो पेलतो. 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत. १५० हवे तर 'पी' लागतो. 'आपली गाडी १२०नं पळते' म्हणणाऱ्याला एकदा हे अक्षर वाचायला लावा. (आणि ट्रिपल सीट नेताना ते ५४ आठवा.) तिथंच चार आकडेही असतात. २३२२ म्हणजे २०२२च्या २३व्या आठवड्यातला टायर. 'नवा' म्हणून जुना माल गळ्यात पडू नये, म्हणून हेही पाहायचं.

मला खरी भीती वाटते ती 'स्पीड लॉक काढून देतो' या प्रकाराची. २५० वॉटच्या आतली, ताशी २५च्या आत धावणारी गाडी लायसन्स आणि नोंदणीशिवाय चालते, म्हणून घरचे ती घेऊन देतात. लॉक काढला की ती सवलत संपली. पण चाकं, ब्रेक तेच राहतात. वेग २५चा ५० झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते, आणि खड्ड्यात तो सगळा दणका त्याच छोट्या रिमवर बसतो. नंबर प्लेटही नाही, विमाही नाही.

टायर ट्यूबलेसच घ्या. बऱ्याच स्कूटरची मोटर मागच्या चाकातच असते, त्यामुळे चाक काढायचं तर आधी वायर सोडवावी लागते. चामोर्शीच्या पुढे माझ्या एका मैत्रिणीची अशीच गाडी पंक्चर झाली, आत ट्यूब होती. पंक्चरवाले काका वायर बघूनच म्हणाले, 'पोरी, हे आपलं काम नाही.' गाडी टेम्पोत टाकून गावात आणावी लागली. ट्यूबलेस असता तर चाक न काढता पट्टी भरून ती पंधरा मिनिटांत निघाली असती. आता तिच्या डिकीत पट्टीचं किट आणि हातपंप असतो.