९.८चा हट्ट

गेल्या आठवड्यात अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. प्रयोग सिंपल पेंड्युलमचा. वाऱ्यानं दोरा हलू नये म्हणून पंखे बंद, त्यामुळे प्रयोगशाळेत चांगलाच उकाडा. १ मीटर लांबीच्या दोलकाच्या २० आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सूत्रात घालून गुरुत्वत्वरण काढायचं. तासाभरात जर्नलं टेबलावर आली. ९.८, ९.८१, ९.७९, पुन्हा ९.८. हातानं दाबायच्या स्टॉपवॉचवर अख्ख्या बॅचचं उत्तर इतकं नेमकं येत नाही. बऱ्याच जणांनी आधी उत्तर लिहून मागाहून रीडिंग्ज बसवली होती, हे उघड होतं.

शेवटी एक मुलगी वही छातीशी धरून आली. “मॅडम, माझं १०.८ येतंय. तीनदा केलं. खोडून परत लिहू का?”

“खोडू नकोस. मला करून दाखव.”

तिनं गोळा सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि त्याच क्षणी म्हणाली, “एक.”

मी एवढंच विचारलं, “बटण दाबलंस तेव्हा किती आंदोलनं पूर्ण झाली होती?”

ती थबकली. “एकही नाही.” मग तिचं तिलाच कळलं. तिनं २० म्हणून मोजलेली आंदोलनं खरं तर १९च होती. सूत्रात आवर्तकाळाचा वर्ग येतो, म्हणून मोजणीतल्या एका चुकीनं उत्तर एवढं फुगलं होतं. तिनं ३८.२ सेकंदांना १९नं भागलं, पुन्हा आकडेमोड केली. ९.७७. जुना तक्ता तिनं तसाच ठेवला आणि खाली चूक कशी झाली ते दोन ओळींत लिहिलं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त गुण मी तिला दिले.

ज्यांनी रीडिंग्ज बसवली त्या मुलांना मी खोटारडी म्हणणार नाही. आपण ज्याला गुण देतो तेच मुलं आणून देतात. जर्नल तपासताना आपली नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते, ९.८ दिसलं की सही होते. हे मुलांना पहिल्या महिन्यातच समजतं, आणि मग सिनियरचं जर्नल हेच त्यांचं पाठ्यपुस्तक होतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही अशाच सह्या केल्या आहेत. ती चूक माझी होती, मुलांची नव्हे. शिवाय ९.८ ही काही दगडावरची रेघ नाही. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर ९.७८च्या आसपास असतं, ध्रुवांवर ९.८३.

अपेक्षित उत्तराचा मोह मोठ्या शास्त्रज्ञांनाही सुटलेला नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या आपल्या संस्थेच्या पदवीदान समारंभात मिलिकन यांच्या तेलथेंबाच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली होती. हवेच्या श्यानतेची किंमत चुकीची घेतल्यामुळे मिलिकन यांनी काढलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार किंचित कमी आला होता. नंतरच्या संशोधकांची उत्तरं एकदम बरोबर आकड्यावर पोचली नाहीत, थोडी थोडी वर सरकत गेली. कारण उत्तर मिलिकनपेक्षा फार जास्त आलं की ते आपल्या प्रयोगात चूक शोधत, आणि जवळपास आलं की तेवढ्या कसून शोधत नसत.

म्हणून आता मी पहिल्याच तासाला गुणांची वाटणी फळ्यावर लिहिते. एका प्रयोगाला १० गुण. मांडणी आणि उपकरणाचं लघुतम माप, २. पेनानं लिहिलेली मूळ रीडिंग्ज, ३. आकडेमोड आणि एकक, ३. उत्तर कमी-जास्त का आलं याचं कारण, २. उत्तर ९.८च्या जवळ आलं म्हणून वेगळा गुण नाही. काय अपेक्षित आहे हे मुलांना आधी माहीत असावं, गुण हातात पडल्यावर नव्हे.

सीईटीत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न असतात आणि तिथं संगणकाला फक्त निवडलेला पर्याय दिसतो. त्या परीक्षेची तयारी करून घ्यावीच लागते, मीही घेते. पण मूल उत्तरापर्यंत कसं पोचलं हे तिथं कुणी पाहत नाही. बोर्डाच्या बारावीला ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. लेखी पेपरात सूत्र, किमती, उत्तर आणि एकक असे पायरीपायरीनं गुण मिळतात. प्रात्यक्षिकाचे ३० गुण तर शिक्षकासमोर, हातानं काम करून मिळवायचे असतात. तेही आपण जुळवलेल्या आकड्यांवर वाटून टाकले, तर मुलांना विज्ञान करून बघायला शाळेत जागाच उरणार नाही.

माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे, यंदा जर्नलवर सही करण्याआधी शेवटची ओळ नव्हे, वरचा तक्ता वाचा. उत्तर १०.८ आलं असेल तर गुण कापण्याआधी त्या मुलाला बोलावून घ्या आणि पुन्हा एकदा मोजायला सांगा.